रिकामी यादी म्हणजे नेमकं काय?

मंगळवार, रात्री उशिरा

सध्या एका वेब सर्च टूलचं डॉक्युमेंटेशन तपासायचं काम गळ्यात पडलंय. वाचणारा माणूस नाही, एआय एजंट (स्वतःच टूल्स वापरून काम उरकणारा एआय प्रोग्रॅम) आहे, असं धरून तपासायचं. वरवर पाहिलं तर सगळं झकास: नीटनेटकी पानं, चार ओळींत टूल चालू करून देणारं उदाहरण, वेगाचं नि अचूकतेचं भरघोस कौतुक. माणसाला एवढं पुरतं. अडलाच तर तो कुणाला तरी विचारतो, सपोर्टला मेल टाकतो. एजंटच्या पुढ्यात मात्र बहुतेक वेळा येतं ते टूलचं नाव, थोडकं वर्णन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरची टूल्स जोडायची सामायिक पद्धत) आणला, त्यातही टूलची ओळख मुख्यतः एवढ्यावरच होते. ती देखणी पानं एजंट कधी उघडेल याचा भरवसा नाही. म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि नुसतं वर्णन नि स्कीमा देऊन एजंटला कामाला लावलं.

पहिली ठेच ‘फ्रेशनेस’ या पॅरामीटरला. वर्णन काय, तर ‘निकालांचा ताजेपणा’. झालं! टाइप स्ट्रिंग, म्हणजे कुठलाही मजकूर, आणि कुठल्या व्हॅल्यू चालतात याचा पत्ता नाही. एजंटने आपल्या मनाने ‘वीक’ पाठवलं, सर्व्हरला हवं होतं ‘७डी’, म्हणजे सात दिवस. सर्व्हरने तक्रार केली असती तरी बरं झालं असतं. त्याने न कळणारी व्हॅल्यू गुपचूप सोडून दिली आणि जुनेपुराणे निकाल हातात ठेवले. एजंटने ते ‘या आठवड्यातल्या घडामोडी’ म्हणून छान परिच्छेदात मांडले. असे आराखडे ज्यात लिहितात त्या जेसॉन स्कीमात ‘इनम’ची सोय आहे, चालणाऱ्या व्हॅल्यू तिथे लिहून टाकल्या की अंदाज बांधायची वेळच येत नाही. त्यात निकालातली ‘डेट’ ही लेख छापल्याची की क्रॉलरने (वेबवरची पानं गोळा करत फिरणाऱ्या प्रोग्रॅमने) पान पाहिल्याची, हेही कुठे लिहिलेलं नाही.

भाषा आणि देश या दोन्ही पॅरामीटर्सपुढे एकच वर्णन: ‘दोन अक्षरी कोड’. भाषांच्या कोडसाठीच्या आयएसओ ६३९ या मानकात ‘एमआर’ म्हणजे मराठी. देशांच्या कोडसाठीच्या आयएसओ ३१६६ मध्ये तीच अक्षरं म्हणजे मॉरिटानिया! चुकीच्या रकान्यात पडली की शोध थेट पश्चिम आफ्रिकेत. यावर मी बराच वेळ हसत होते.

रिकाम्या यादीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. काहीच जुळलं नाही तर रिकामी यादी. फिल्टर फार घट्ट लावले तर रिकामी यादी. मागची सेवा वेळेत उत्तर देऊ शकली नाही तरीही स्टेटस २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’) आणि रिकामी यादी. या तीन गोष्टी एजंटने वेगळ्या ओळखायच्या कशा? तो बिचारा सगळीकडे एकच निष्कर्ष काढतो: ‘याबद्दल कोणतीही माहिती उपलब्ध नाही.’ वापरणाऱ्याला वाटतं, शोध घेतला गेला आणि सापडलं नाही. प्रत्यक्षात शोध पुरा झालेलाच नसतो. माझ्या मते अख्ख्या डॉक्युमेंटेशनमधली सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती न लिहिलेल्या एका वाक्यात आहे. टूल फसलं तर तसं स्पष्ट कळवायला प्रोटोकॉलमध्ये ‘इझ-एरर’ अशी खूण आहेच. ती लावायची, आणि वर्णनात लिहायचं की रिकामी यादी आली म्हणजे शोध पूर्ण झाला, पण जुळणारं काही मिळालं नाही. एखादा फिल्टर काढून पुन्हा बघा.

रेट लिमिटचंही, म्हणजे ठरावीक वेळात किती विनंत्या चालतील त्या मर्यादेचंही, तेच. ‘मर्यादा ओलांडल्यास एरर येईल’ एवढ्यावर बोळवण. ‘फार विनंत्या झाल्या’ असं सांगणारा ४२९ हा कोड २०१२ पासून प्रमाण आहे आणि किती थांबायचं ते सांगायला ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर (उत्तरासोबत येणारी नोंद) आहे. तो वाचा, तेवढं थांबा, असं एक वाक्य नसल्यामुळे एजंट लगेच पुन्हा दार ठोठावत राहिला.

टूलच्या वर्णनात कौतुकाला मात्र जागा आहे. तो मजकूर मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेल एका वेळी वाचतं त्या मजकुरात) जातो, म्हणजे त्याचेही टोकन (मजकुराचे छोटे तुकडे) मोजले जातात. त्याऐवजी टूल केव्हा वापरू नये ते लिहिता आलं असतं. किंवा हे तरी, की इथे पानाचा फक्त छोटा उतारा मिळतो, पूर्ण मजकुरासाठी सोबतचं दुसरं टूल आहे. ते न कळल्यामुळे एजंट दोन ओळींचा उतारा वाचून अख्खा लेख वाचल्याच्या थाटात बोलत होता. निकालातला मजकूर परका आहे, त्यात दडलेल्या सूचना पाळायच्या नाहीत, हेही कुठे नाही. नुसतं लिहून प्रॉम्प्ट इंजेक्शन (अशा दडवलेल्या सूचनांनी मॉडेलला फसवणं) थांबत नाही, मान्य, पण टूल जोडणाऱ्या डेव्हलपरला निदान धोका कळतो.

गुण द्यायच्या तक्त्यात पूर्णता, स्पष्टता, उदाहरणं असे रकाने आहेत. पूर्णतेला मी चांगले गुण दिले, कारण प्रत्येक पॅरामीटरपुढे काही ना काही लिहिलेलं आहे! मग ‘फसल्यावर काय’ हा रकाना स्वतःच वाढवला आणि तिथे शून्य टाकलं. उद्या वर्णन नव्याने लिहून तेच प्रश्न त्याच एजंटला पुन्हा देणार आहे. कौतुकाची वाक्यं काढायला टीम खळखळ करेल. रिकाम्या यादीबद्दलचं वाक्य घातल्याशिवाय मात्र मी सही करणार नाही.