तुम्ही विचारलंत म्हणून: चार्जर लावला की झालं ना?

"तीन दिवस गाडी बंद हॉलमध्ये उभी, इंजिन बंद, आणि तरी पट्ट्यापट्ट्यांचे दिवे, चार स्क्रीन, साउंड सगळं चालू. बॅटरी उतरत नाही? की चार्जर लावून ठेवता?" हा प्रश्न सजवलेल्या गाड्यांच्या दर शोला येतो, आणि त्यातला दुसरा भाग विचारणाऱ्याने आधीच उत्तर म्हणून धरलेला असतो. मी "चार्जरने होत नाही" म्हणालो की समोरचा हसतो. त्याच्याकडे चार्जर आहे आणि त्याचं आजवर निभावलंय. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

आधी आकडे, कारण भांडण तिथेच मिटतं. मीटरला साठ एलईडींची 5050 पट्टी पूर्ण पांढरी लावली तर मीटरला 14.4 वॉट घेते, म्हणजे 12 व्होल्टवर 1.2 अ‍ॅम्पिअर. खाली, सीटखाली, डिकीत मिळून दहा मीटर सहज होते. झाले 12 अ‍ॅम्पिअर. चार स्क्रीनचे 3, हेड युनिटचा (डॅशबोर्डमधली म्युझिक सिस्टीम) 1, दोन अ‍ॅम्प्लिफायर गाणं न वाजवता नुसते जागे असले तरी 2–3. गाडी काहीच न करता 18–19 अ‍ॅम्पिअर खाते. हे अंदाजाने मानू नका. डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेचा करंट, मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा बसतो तो) बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला लावा आणि एकेक गोष्ट चालू करत आकडे लिहून ठेवा. एसीचाच क्लॅम्प मीटर असेल तर तो इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल.

आता तुमचा चार्जर. 10 अ‍ॅम्पिअरचा. वरचे 8–9 अ‍ॅम्पिअर कोण देतंय? बॅटरी. म्हणजे चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरतेय, फक्त सावकाश. शिवाय 'स्मार्ट' चार्जरला वाटतं की समोर फक्त बॅटरी आहे. करंट कमी होईल तेव्हा फ्लोटवर (भरलेली बॅटरी कमी व्होल्टवर नुसती टिकवून धरणं) जायचं, एवढंच त्याला माहीत. दिवे करंट ओढत राहतात, करंट कमी होत नाही, आणि तो तासन् तास 14.4 व्होल्टच्या आसपास अडकून बसतो, नाहीतर वेळमर्यादा संपली म्हणून बंद पडतो. रिकंडिशन मोड (थकलेली बॅटरी जास्त व्होल्टने सुधारायचा) चुकून दाबला गेला तर काही चार्जर 15 च्या वर जातात. मग हेड युनिटचं काय होतं ते बघायला थांबू नका. काही चार्जरवर 'सप्लाय' मोड असतो, ठरलेला 13.6 वगैरे देणारा. तो चांगला. पण अ‍ॅम्पिअर तेवढेच राहतात.

हे मलाही कळत होतं. तरी एका गाडीत मी चार्जरच लावला होता. कारण सांगतो, समर्थन म्हणून नव्हे: तो आधीपासून डिकीत होता आणि बसत होता.

गाडी बाहेरून पूर्ण गुळगुळीत. दारांना हँडल नाही, डिकीला कुलूप नाही. रिमोट दाबला की सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबक) खटका ओढतो आणि दार उघडतं. पुढे बॉनेटखाली स्टार्टिंगची बॅटरी. आगीच्या नियमासाठी तिची निगेटिव्ह केबल काढून टोकाला टेप गुंडाळलेली. मागे डिकीत 75 अ‍ॅम्पिअर-तासांची एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटरी, सगळ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी, आणि सोलेनॉइडही तिच्यावरच. लोड 15, चार्जर 10. पहिल्या दिवशी नऊ तासांत 45 गेले, उरले 30. रात्रभर चार्जर भरून काढेल असं धरलेलं. रात्री हॉलवाल्यांनी स्टॉलचा वीजपुरवठा बंद केला. तो सगळीकडेच करतात, विचारलं असतं तर सांगितलंही असतं. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, एअर सस्पेन्शनचा (हवेवर गाडी वर-खाली करणारी यंत्रणा) कंट्रोलर यांनी सकाळपर्यंत आणखी सहा-सात खाल्ले.

सकाळी वीज आली. चार्जर मात्र सुरू झाला नाही, कारण वीज जाऊन आली की तो बटण दाबायची वाट बघणाऱ्यातला होता. आणि बटण डिकीत. झाकण बंद. बाहेरून सगळं झक्क दिसत होतं.

पट्टी हळूहळू मंद होते, डोळा सवयीने ते मान्य करतो. दीड तासाने स्क्रीन विझल्या तेव्हा लक्षात आलं. रिमोट दाबला: आतून रिलेची बारीक टिकटिक, बस्स. सोलेनॉइडला क्षणभर 20–30 अ‍ॅम्पिअर लागतात, ते आता बॅटरीत नव्हते. लाइट मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पीत राहिले. दारं बंद. बॉनेट उघडायची केबल केबिनमध्ये. स्टार्टिंगची बॅटरी 12.7 व्होल्टवर, पूर्ण भरलेली, पत्र्याच्या पलीकडे बसलेली. हे आजही आठवलं की चिडायला होतं.

सुटका झाली ती मुख्य विजेची वायर जिथून आत नेली होती त्या भोकातून. आधी प्लग काढला. गाडीखाली पुठ्ठा टाकून डिकीच्या तळातलं रबरी ग्रोमेट उपसलं, वाकवलेल्या तारेने चार्जरची लाल वायर चाचपडत ओढली, तीही फ्यूजच्या बॅटरीकडच्या बाजूची, आणि सोलून तिला लिथियमचा जंप पॅक (उतरलेल्या बॅटरीला तात्पुरता जोर देणारा) लावला. काळा चिमटा बॉडीच्या बोल्टला. काही नाही. जंप पॅकला समोर पुरेसे व्होल्ट दिसले नाहीत म्हणून त्याने आउटपुटच दिलं नाही. त्याचं जबरदस्तीचं बटण दाबून धरलं, एकाने रिमोट दाबला, तेव्हा तिसऱ्या खेपेला टक् झालं. पावणेतीन तास.

आता माझ्या वायरिंगमध्ये तीन गोष्टी असतातच, आणि "एवढं कशाला?" हा प्रश्न मी ऐकून घेत नाही. बाहेरून जंप पॅक लावायला मागच्या बाजूला खालून हात पोचेल असा 8 मिलीमीटरचा झाकलेला बोल्ट, बॅटरीजवळ 40 अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घालून जोडलेला. डिकीच्या खटक्याला सायकलच्या ब्रेकची केबल, नंबर प्लेटमागे लपवलेली. आणि दिवे-साउंडसाठी कमी व्होल्टला तोडणारा कटआउट, 11.8 वर. सोलेनॉइड मात्र कटआउटच्या आधी, थेट बॅटरीवर.

बरं, मग लावायचं काय? स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून ठरलेल्या व्होल्टचा डीसी देणारा डबा, 13.8 व्होल्टवर बसवलेला. सरासरी लोडवर पाव भाग जास्त धरा: 19 ला 25–30 चा. एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर हॉलमध्ये चालणार असेल तर एकेक कॉम्प्रेसर 20 च्या आसपास घेतो; मग 60 चा घ्या. हायड्रॉलिक पंप सप्लायवर चालवायचा विचारही नको, तो शेकड्यांत ओढतो. घेताना बघा की मर्यादा ओलांडल्यावर सप्लाय करंट धरून ठेवतो की बंद-चालू उचक्या देतो. उचक्यावाला बॅटरीला जोडून उपयोग नाही. एकदा लटकला की बॅटरी उतरेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

60 अ‍ॅम्पिअरचा सप्लाय पूर्ण लोडला 828 वॉट देतो आणि भिंतीतून साधारण 975 घेतो. त्यात पॉवर फॅक्टर सुधारणा (भिंतीतून ओढला जाणारा करंट सुरळीत करणारं सर्किट) नसेल तर हिशोब 1500 व्होल्ट-अ‍ॅम्पिअरचा धरा: 230 ला साडेसहा अ‍ॅम्पिअर, 120 ला साडेबारा. शेजारच्या स्टॉलची किटली त्याच बोर्डावर असेल तर कुणाचा ब्रेकर पडणार ते उघड आहे. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली रीळ तापते.

सप्लाय बाहेर ठेवून जाड डीसी केबल गाडीत न्यायची हौस अनेकांना असते. 16 चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, 60 अ‍ॅम्पिअर: 0.65 व्होल्ट वाटेत गेले. 4 चौरस मिलीमीटरमधून 30 नेले तर 1.3. त्यापेक्षा सप्लाय गाडीत, पंख्याला हवा मिळेल असा, आणि लांबी मुख्य विजेच्या वायरला. जोडणीला अँडरसन कनेक्टर (जास्त करंटचा, पटकन जुळणारा प्लग), फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. सप्लायची मर्यादा सप्लाय सांभाळतो. वायर शॉर्ट झाली तर जाळणार असते ती बॅटरी.

आणि अर्थ. गाडी रबरावर उभी असते, बॉडी जमिनीपासून तुटलेली. एक्स्टेन्शनची अर्थ पिन तुटकी असेल तर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर आवरणाला मुख्य व्होल्टेजच्या निम्म्यावर नेऊन ठेवतात, आणि आवरण बॉडीला बोल्टने जोडलेलं असतं. करंट नगण्य, पण क्रोमवरून बोट फिरवणाऱ्याला मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर "स्टॅटिक आहे" म्हणून हसू नका. इन्सुलेशन खरंच गेलं तर हीच बॉडी जिवंत होते. अर्थ तपासा, 30 मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मध्ये घाला. अर्थ जोडल्यावर साउंडमध्ये गुणगुण आली तर आरसीए केबलचा (हेड युनिटपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे आवाज नेणारी) मार्ग बदला. अर्थ कापणाऱ्याला मी वायरिंग करून देत नाही.

राहिला वाद माझा माझ्याशीच. पूर्वी मी म्हणायचो, शोला मागची बॅटरीही काढून ठेवा, सगळं थेट सप्लायवर. लपून उतरणारं काही नाही, गॅस नाही, नियमवाल्यांशी हुज्जत नाही. मग कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका सप्लायच्या मर्यादेला धडकायचा, व्होल्ट कोसळायचे आणि हेड युनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. शिवाय कुणाचा पाय वायरीत अडकला की सगळी गाडी अंधारात, आणि दारं? म्हणून आता बॅटरी ठेवतो, झटके खाण्यापुरती. पण बॅटरी ठेवली की सप्लाय मेलेला कळत नाही, हेही खरंच. त्यावर डॅशबोर्डवर व्होल्टमीटर चिकटवलाय. 13 च्या खाली गेला की बघायचं. बघणारा जेवायला गेलेला असला तर काय, ते अजून सुटलेलं नाही.