आता मला कशाला?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरवड्यावर आली की आमच्या घरातील कपाटे रिकामी केली जातात, आणि यंदा त्यांपैकी एका कपाटात शालींखेरीज दुसरे काहीच निघाले नाही. यजमानांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, आणि निवृत्तीनंतर गोव्यातल्या अंत्रुज महालातील, म्हणजे फोंडा तालुक्यातील, कोणत्या ना कोणत्या वाचनालयात, भजनी मंडळात किंवा वार्षिकोत्सवात त्यांचा सत्कार होत राहिला. सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ हे आलेच. जिथे डिसेंबरच्या पहाटेही पंखा बंद करावासा वाटत नाही तिथे लोकरीची शाल द्यावी, आणि ज्याच्या परसात माडांची रांग उभी आहे त्याच्याच हाती व्यासपीठावर नारळ ठेवावा, यातली गंमत देणाऱ्यांनाही कळत असावी. नारळ निदान हुमणात, म्हणजे आमटीत, जातो. शाली मात्र डांबराच्या गोळ्यांसह वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि मानाची वस्तू म्हणून त्या कोणाला देऊनही टाकता येत नाहीत.

मी एकेक शाल झटकून उन्हात घालत असताना सासूबाई सोप्यावर बसून हे सर्व पाहत होत्या. "आई, चवथीला तुम्हाला काय घेऊ?" असे मी सहज विचारले, तेव्हा त्यांचे ठरलेले उत्तर आले: "म्हाका कांय नाका गो. आतां म्हाका कित्याक?"

हे उत्तर गोव्यातल्या किती घरांत ऐकू येत असेल! 2011च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण आपल्याकडे शंभरात सुमारे अकरा होते आणि देशात केरळनंतर आपलाच क्रमांक होता. म्हणजे दर सणाला हा प्रश्न विचारणारे आणि हे उत्तर देणारे आपल्याकडे भरपूर आहेत. विचारणारा ते उत्तर कधी खरे मानतो आणि सुटतो, तर कधी संकोच मानून एखादी साडी घेऊन येतो. माझ्या मते ते उत्तर अर्धे खरे असते, आणि खरे अर्धे कोणते हे आपल्याला नेमके उलटे समजते.

वस्तूंचा कंटाळा येतो, हे खरे आहे. म्हाताऱ्या माणसाला दिलेली प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर एक काम घेऊन येते: ती ठेवायला जागा शोधा, देणारा घरी येईल तेव्हा ती बाहेर काढा आणि वापरत असल्याचे दाखवा. त्यातून अलीकडे आरोग्याच्या भेटी देण्याची रीत पडली आहे, आणि तिचा मला मनापासून राग आहे. दिवाळीला रक्तदाब मोजायचे यंत्र, वाढदिवसाला न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबराची चटई, आणि गोड म्हणून बिनसाखरेचे लाडू! या वस्तू उपयोगाच्या आहेत, त्या अवश्य आणाव्यात. पण त्या कुठल्यातरी मंगळवारी गुपचूप आणून ठेवाव्यात, त्यांना सोनेरी कागद गुंडाळून सणाचा मुहूर्त कशाला साधायचा?

गेल्या दिवाळीत सासूबाईंच्या भाच्याने परगावाहून पार्सल पाठवले. ऐन वामकुक्षीच्या वेळी दारात उभा राहिलेला मुलगा ओटीपी मागू लागला, आणि तो आकडा भाच्याच्या फोनवर गेलेला असल्यामुळे भेट घरात येण्याआधीच तिच्यातील नवलाई संपली. तरीही आईंनी खोका जवळ ओढला. चिकटपट्टी नखाने उचलत, कागद कुठेही न फाडता त्यांनी तो सोडवला, चार घड्या घालून उशीखाली सरकवला आणि मगच आतल्या साडीकडे पाहिले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात काठ धरून त्यांनी तो थोडा चोळला. "बरी आसा," असे म्हणून त्यांनी साडी कितीला पडली असेल याचा अंदाज बांधला, आणि संध्याकाळपर्यंत ती साडी कोणाला द्यायची हेही त्यांनी ठरवून टाकले होते. ठरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उत्साह होता तो साडी पाहताना नव्हता.

तेव्हा मला माझ्या माहेरची आजी आठवली. माहेर बार्देशात, घर राजांगणाचे, म्हणजे मधल्या चौकाचे, आणि सणाला घरात येणारी प्रत्येक भेट प्रथम आजीच्या पुढ्यात ठेवायची असा दंडक होता. काकाचे लग्न झाले त्या वर्षीच्या चवथीला काकीच्या माहेराहून वजें, म्हणजे सुनेच्या माहेरची फराळाची भेट, आले. हारे डोक्यावर घेतलेली माणसे पावसात शेताच्या बांधावरून येताना आम्हाला दुरूनच दिसली आणि आम्ही मुले ओरडत आत धावलो. केळ्यांचे घड, नारळ, नेवऱ्या, लाडू, चिवडा आणि आले-गुळाच्या पाकात घोळून वर तीळ लावलेले खाजे, असा सगळा ऐवज राजांगणाच्या कडेला मांडला गेला. आजीने तो आधी नजरेने मोजला. नंतर ती पाट घेऊन बसली आणि वाड्यावरच्या घरांचे वाटे घालू लागली. कुठल्या घरी माणसे किती, कोणाकडे सुतक आहे म्हणून यंदा काही केलेले नसेल आणि तिथे अंमळ जास्त पाठवले पाहिजे, मागच्या वर्षी कोणाच्या वज्यातले किती लाडू आपल्याकडे आले होते, हे सारे तिच्या डोक्यात होते. कागदावर काहीच नव्हते. आम्ही पानांनी झाकलेली ताटे घेऊन घरोघर जायचो आणि रिकामी ताटे आणायचो नाही, कारण ताट रिकामे परत करायचे नाही हे त्या घरांनाही ठाऊक असे. दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात यायची. सगळे वाटून झाले की आजी स्वतःसाठी खाज्याचा एक तुकडा ठेवी, आणि दात नसल्यामुळे तो खलबत्त्यात कुटून खाई. इतक्या मोठ्या वज्यातला तेवढाच तिचा वाटा, पण ती त्या दिवशी घरातली सर्वांत श्रीमंत बाई दिसायची.

नाताळात हाच व्यवहार उलट दिशेने होई. शेजारच्या ख्रिस्ती घरातली म्हातारी, जिला आम्हीही शामाय, म्हणजे आजी, असेच म्हणत असू, विणलेल्या रुमालाखाली कुसवाराचे, म्हणजे नाताळच्या फराळाचे, ताट पाठवी. त्यात कलकल, नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका असे. बेबिंकाला आता, 2023 साली, भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तो खोक्यांतून विमानतळावरही विकला जातो. त्या वेळी मात्र नारळाच्या रसात आणि अंड्यांच्या पिवळ्या बलकात भिजवलेल्या पिठाचा एकेक थर वरून विस्तवाची धग देत भाजण्यात शामायचा अख्खा दिवस जाई. आमची आजी अंडे खात नसे. म्हणून त्या ताटात, बेबिंकाला लागू नये अशा बेताने, केळीच्या पानात वेगळा बांधलेला दोदोलचा तुकडा असायचा. दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ, त्यात अंड्याचे नाव नाही. त्या तुकड्याविषयी दोघी कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही. मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसाला मिळालेली याहून नेमकी भेट मी पुढे पाहिलेली नाही.

म्हणून मला वाटते की म्हाताऱ्या माणसांना भेट हवी असते, पण ती अंगावर घालायला किंवा कपाटात ठेवायला नव्हे. हातातून पुढे जाणारे काहीतरी त्यांना हवे असते. राज्य सरकारने सुरू केलेल्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे दरमहा बँकेतून आणणाऱ्या बायका आमच्या गावात आहेत. त्यांतल्या कोणाला काही द्यायला जा, ती हात आखडून घेईल, आणि त्याच पैशांतून नातवंडांना चवथीची पाकिटे मात्र न चुकता देईल. सासूबाईंचे थोरले भाऊ नव्वदीच्या घरात असूनही भाऊबीजेला कदंबच्या सरकारी बसने सत्तरी तालुक्यातून येतात. ओवाळणीच्या तबकात ते जी नोट टाकतात तीच नोट आई निघतेवेळी त्यांच्या पणतीसाठी त्यांच्या खिशात कोंबतात. दोघांनाही ती नोट ओळखता येते, आणि "हे कित्याक?" असे दोघेही दरवर्षी म्हणतात. हिशेबाने पाहिले तर कोणी कोणाला काहीच दिले नाही.

आता मीही साठी ओलांडली आहे, आणि पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा प्रश्न मला विचारला गेला. मी तिला सांगितले की साडी नको, कानातले नको, पावले मोजणारे घड्याळ तर मुळीच नको. येताना म्हापशाला उतरून बाजारातून खाजे घेऊन ये. ती म्हणाली, "आई, दोन किलो आणते." मी हो म्हणणार होते, पण मनातल्या मनात वाटे घालू लागले आणि अडले. उजव्या हाताच्या घरातली मुले पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली आणि म्हातारी गेल्यापासून दाराला कुलूप आहे. त्यापलीकडच्या घरात पर्यटकांना खोल्या देतात, तिथे दर आठवड्याला नवी माणसे येतात. समोरच्या काकूंना मुलगा बंगळुरूला घेऊन गेला. उरलेल्या एका घरात दोघांनाही मधुमेह आहे.

मी तिला अर्धा किलो पुरे म्हणून सांगितले.