असं नाही धरत, ताई

मनगट सोडवणं हा माझ्या बायकांच्या स्वसंरक्षण वर्गातला सगळ्यात सोपा धडा. नऊ वर्षं मी तो पहिल्याच आठवड्यात शिकवत आले, कारण तो पटकन जमतो आणि जमला की बायकांचे चेहरे खुलतात. कोणी मनगट धरलं की चार बोटं एका बाजूने येतात, अंगठा दुसऱ्या बाजूने. मूठ कितीही घट्ट असो, बोटं आणि अंगठा भेटतात तिथे फट राहतेच. मनगटाची अरुंद बाजू त्या फटीकडे वळवायची आणि झटका द्यायचा. सुटतं. हे मी झोपेतही शिकवू शकते, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं झोपेतच शिकवत होते.

त्या गुरुवारी पंधरा जणी होत्या. सात जोड्या लावल्या, एक बाई उरल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, अंगाने बारीक, पहिलाच दिवस. भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, "या, आपण दोघी करू," आणि हात पुढे केला.

त्यांनी मनगट धरलं, क्षणभर थांबल्या आणि सोडून दिलं.

"असं नाही धरत, ताई."

"मग कसं धरतात?"

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि मागे मागे चालायला लागल्या.

माझं वजन चौसष्ट किलो. त्या फार तर पंचेचाळीस असतील. कराटे आणि ज्युदो, दोन्हींतले काळे पट्टे घरी कपाटात आहेत. मी मनगट वळवायला गेले तर वळवायला काही उरलंच नव्हतं. हात ताणून सरळ झालेला, कोपराला वाव नाही, वजन चवड्यांवर. फट होती तिथेच होती, पण तिथवर पोचायला जो क्षणभर स्थिरपणा लागतो तो त्या बाई देत नव्हत्या. मी तीन पावलं फरफटत गेले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा झटका दिला, तर त्यांनी माझा हात सरळ काखेत घेतला आणि चालत राहिल्या.

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही; ते झालं. ओढणाऱ्याला ओढू द्यायचं आणि त्याच्यापेक्षा वेगाने त्याच्याकडेच जायचं, हे ज्युदोत पहिल्या वर्षी अंगात मुरवतात. मी आत शिरले, डाव्या हाताने त्यांच्या खांद्याजवळचा कपडा धरला, उजवा पाय त्यांच्या पायामागे गेला. त्या स्वतःच मागे जात होत्या. ओसोतो-गारीला, म्हणजे मागून पाय झाडून पाठीवर पाडायच्या डावाला, याहून सोपं गिऱ्हाईक मिळत नाही. त्यांची टाच उचलली गेली तेव्हा मला त्यांची हनुवटी दिसली. वर होती. ज्याला पडता येतं तो आधी हनुवटी छातीशी घेतो. या डावात नवखं माणूस पाठीवर जातं आणि डोकं मागून आपटतं, आणि आमच्या खोलीतली मॅट म्हणजे नावाला मॅट. मी कपडा सोडला नाही, माझाच गुडघा मोडला आणि आम्ही दोघी धपकन खाली बसलो.

खोली चिडीचूप. बाईंनी गळा सारखा केला, उठल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सुटलं की. पण तुम्ही शिकवत होतात ते हे नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते पाच-दहा सेकंद मी अजून विसरलेले नाही. मान गेला म्हणून नव्हे. वर्गात हसं होण्याची मला सवय आहे. त्या क्षणी मी मनातल्या मनात मोजत होते, नऊ वर्षांत किती जणींना हा धडा देऊन, पाठीवर थाप मारून घरी पाठवलं. आणि तो धडा माझ्याकडे आला कुठून.

कराटे मी नवव्या वर्षी सुरू केलं. आमच्याकडे ठोसा समोरच्याच्या अंगापासून बोटभर अलीकडे थांबवायचा. त्यात शिस्त आहे, नजर तयार होते, मला ते फार आवडायचं. पण तेरा-चौदाची होईतो गटात मुली दोनच उरल्या होत्या. मुलांबरोबर कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उभं केलं की एकतर ते हातचं राखून खेळायचे, नाहीतर एक गुण गेला रे गेला की सूड उगवायचे. मधलं काही नसे. या दोन्हींतून शिकायला काही मिळत नाही. मग सगळ्यांच्याच सोयीचं म्हणून मला काताकडे वळवलं गेलं. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची, नसलेल्या शत्रूशी लढाई. मी त्यात चांगली होते. नसलेला शत्रू कधी घट्ट धरत नाही.

ही वाटणी माझ्यापुरती नव्हती, हे फार नंतर कळलं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात कोडोकान ही ज्युदोची शाळा काढली. १९२६ मध्ये तिथे स्त्रियांचा विभाग सुरू झाला, पण भर काता आणि सौम्य सरावावर, स्पर्धा नको. त्याच विभागात शिकलेल्या केइको फुकुदा पाचव्या दानवर (दान म्हणजे काळ्या पट्ट्यातली पायरी) वर्षानुवर्षं थांबल्या, कारण स्त्रियांना त्यापुढे बढतीच नव्हती. पत्रांची मोहीम झाली तेव्हा १९७२ मध्ये सहावा दान मिळाला. दहावा अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने दिला तो २०११ मध्ये, त्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या असताना. आणि अमेरिकेतल्या ज्युदोपटू रस्टी कानोकोगीची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या गटाला सांगते. १९५९ साली न्यूयॉर्क राज्याच्या वायएमसीए स्पर्धेत एका जखमी पुरुषाच्या जागी ती उतरली, केस आखूड, छाती पट्ट्याने आवळून बांधलेली. लढत जिंकली, संघ जिंकला. मग तिला बाजूला घेऊन विचारलं, तू बाई आहेस का? ती हो म्हणाली आणि पदक काढून घेतलं गेलं. पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, ते तिला देण्यात आलं. ती नाही म्हणाली असती तर निभावलं असतं का, यावर वर्गात दर वेळी वाद होतो.

मी स्वतः ज्युदोत शिरले बाविसाव्या वर्षी. पहिले दोन महिने फक्त पडले. मागे, बाजूला, पुढे गडगडत. हात मॅटवर आपटायचा, श्वास सोडायचा. मग एक दिवस माझ्याहून दहा किलो जड अशा एका ताईंनी मला रंदोरीत घेतलं. रंदोरी म्हणजे मोकळी झुंज: तूही खरं खेळ, मीही खरं खेळते. त्यांनी मला चार मिनिटांत सहा वेळा फेकलं. एकदाही राखून नाही, एकदाही रागाने नाही. मी घरी जाताना रडले, आणि दुखलं म्हणून नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी खरं धरलं होतं.

कानोंचं खरं डोकं मला इथे दिसतं. ज्युदो ज्यातून निघालं त्या जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी मोकळ्या झुंजीतून काढून टाकले. वरवर पाहता विद्या बोथट झाली. पण जे उरलं ते पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोधात, रोज करता येऊ लागलं. डोळ्यात बोट घालण्याचा सराव तुम्ही जन्मात खरा करू शकत नाही. ओसोतो-गारीचा दिवसातून पन्नास वेळा करता येतो. ज्याचा सराव खरा, तेच ऐन वेळी हातून होतं. त्या गुरुवारी माझ्या हातून झालं ते हेच.

मधल्या वर्षांत एक वर्ष आयकिडो केलं. तिथे मनगट धरणं हाच हल्ल्याचा पहिला प्रकार असतो. तलवार उपसू नये म्हणून हात धरायचे, तिथून हे आलं असं सांगतात. सुंदर विद्या आहे. पण माझ्या वाट्याला आलेले जोडीदार फार सज्जन होते. मी वळायच्या आधीच ते पडायला निघत. बॉक्सिंग केलं आठ महिने. तिथे पहिला खरा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसला तेव्हा दुखण्याआधी डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाण्याआधी प्रचंड राग. एवढं कळलं की राग आला की माझी डावी मूठ खाली जाते. हे मला कातात पंचवीस वर्षांत कळलं नसतं.

आणि तो गुरुवार उजाडला तेव्हा मी पाच महिने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात नवशिक्याचा पांढरा पट्टा बांधून जात होते. एकेचाळिसाव्या वर्षी. तिथे एक सोळा-सतरा वर्षांची निळ्या पट्ट्याची पोरगी माझ्या छातीवर बसते आणि मी खालून खेकड्यासारखी कंबर सरकवत निसटायचा प्रयत्न करते. गळा आवळला गेला की थाप मारायची, म्हणजे हरले, सोड. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास माणूस शुद्ध हरपतं, तेव्हा अभिमान बाजूला ठेवून थाप मारायची. तिथे मनगट धरलेलं असताना हात मागे खेचला तर ओरडतात: कोपर समोरच्याच्या कोपराकडे ने, कंबर खाली घे, आत जा!

म्हणजे रात्री आठला मला हे माहीत असायचं आणि संध्याकाळी सहाला मी फट शोधा, झटका द्या, असं शिकवत असायची. दोन विद्या दोन कप्प्यांत. कुणी विचारलंच नव्हतं.

तर त्या दिवशी ठरलेलं सगळं रद्द केलं. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. म्हटलं, "जोडीने उभ्या राहा. धरा आणि ओढत दारापर्यंत न्या. जिला ओढतायत तिने जमेल ते करा." पहिल्या फेरीत सातांपैकी दोघी सुटल्या. त्यातल्या एकीने चावा घेतला होता. मी तो ग्राह्य धरला. बाकीच्या पाच जणी दारात पोचल्या आणि तिथे उभ्या राहून हसत होत्या, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. एक म्हणाली, "मागच्या आठवड्यात तर जमलं होतं." मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात ती तुला सोडत होती. आणि मी तुला शाबासकी देत होते."

चौथ्या फेरीपर्यंत आत शिरणं थोडं थोडं जमायला लागलं. हे शिकवायला कठीण जातं, कारण अंग उलटं सांगतं. जो ओढतो त्याच्यापासून दूर जावंसं वाटतं, आणि दूर जाणं म्हणजे त्याला दोरीच हातात देणं. त्या नव्या बाई सगळ्यांना आळीपाळीने ओढत होत्या. न बोलता, न थकता, एकाच पद्धतीने: दोन्ही हात, मग काख, मग चालणं. चार-पाच वेळा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की ही पद्धत त्यांनी विचार करून काढलेली नाही. ती त्यांना पाठ होती.

वर्ग सुटल्यावर त्या चपला घालत होत्या. मला विचारायचं होतं. मी विचारलं ते हे, "पुढच्या गुरुवारी याल ना?"

"बघू," म्हणाल्या.

सोमवारी मला नेहमीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. उजव्या मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा, सगळं ठसठशीत उमटलेलं, जांभळ्याचं पिवळं होत चाललेलं. डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता बरोबरच्या मुलीला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, मग हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

हा प्रश्न मला नवा नाही. दंडावर, मांडीवर, मानेवर खुणा घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना तो कधी ना कधी ऐकावा लागतोच. एरवी मी हसून सांगते. या वेळी हसू आलं नाही. म्हटलं, "वर्गातलं आहे. खरंच. तुम्ही सगळ्यांना विचारता?"

"विचारते."

"कोणी सांगतं?"

"पहिल्यांदा विचारल्यावर सहसा नाही."

गुरुवारी सहाला पाच मिनिटं असताना त्या आल्या. मी दारातच होते. बाजूला घेतलं आणि जसं मला विचारलं गेलं होतं तसंच विचारलं, त्याच शब्दांत. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. खूण जवळपास गेली होती.

"फार जोरात धरलं का मी?" त्या म्हणाल्या.

"नाही. बरोबर धरलंत."

थोडा वेळ दोघी गप्प. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला धरून ठेवलंत, नाहीतर आपटले असते. आधी ते शिकवा. पडायचं."

बाकीच्यांना ओढाओढीला लावलं आणि कोपऱ्यात दोन मॅट एकावर एक टाकल्या. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीशी, पाठ गोल, मागे लोळायचं आणि दोन्ही हात मॅटवर आपटायचे, अंगापासून जरा लांब. पहिल्यांदा त्यांनी हात आपटलेच नाहीत, अंगाशी घेतले. दुसऱ्यांदा उशिरा आपटले. तिसऱ्यांदा हनुवटी सुटली. "आवाज होऊ दे," मी म्हणत होते, "जोरात, कुणाला ऐकू गेलं तर जाऊ दे." सातव्या खेपेला दोन्ही तळवे एकदम बसले आणि खणखणीत आवाज झाला. ओढाओढी थांबली. सगळ्या वळून बघायला लागल्या.

त्या छताकडे बघत तशाच पडून होत्या. "परत," म्हणाल्या आणि उठून बसल्या.