बिलात ‘दोष शोधणे’ ही ओळ कशी आली

आमचं गॅरेज बेळगावात, उद्यमबागेच्या मागल्या अंगाला. वडील तिथंच एका फौंड्रीत मोल्डर होते आणि सुटीच्या दिवशी घरासमोर ओळखीपाळखीच्यांच्या जीपा उघडून बसायचे. त्यातनंच दुकान उभं राहिलं. अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनी, मेटाडोर, खानापूरकडच्या जीपा. दहावी झाल्यावर मी हातात पाना घेतला. पुढं इंजेक्शनच्या गाड्या आल्या, कर्ज काढून स्कॅनर घेतला आणि कार्बोरेटरचे जेट-सुया डालड्याच्या डब्यात गेल्या. मधल्या दहा वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. हप्ते फेडले.

तो डबा परत उघडला एका एमजीबीमुळं.

कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची ती गाडी. दोन सीटची, कापडी टपाची. इंग्लंडात 1962 पासून 1980 पर्यंत निघत होती ही गाडी. 1798 सीसीचं इंजिन, त्यावर एसयूचे दोन कार्बोरेटर. साहेबांची तक्रार एका वाक्याची: “सपाटीला मस्त पळती, वंटमुरी घाटात पाय दाबला की दम खायलीय.” त्याआधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोल पंपही नवा. डिकीत जुन्या सामानाची पिशवीच होती.

मीही काही वेगळा वागलो नाही, हे सांगायला हवं. जुनी गाडी, चढावर अडते, म्हणजे कार्बोरेटर, असं धरून दोन्ही उतरवले. डॅशपॉटमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या पिस्टनची चाल सावकाश ठेवणारं, तेल बघितलं. ते कमी झालं की पिस्टन झटक्यात वर जातो, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिकअपला गचका बसतो. तेल बरोबर होतं. रबरी नळ्या तेवढ्या बदलल्या. चिक्कोडी-निपाणीकडच्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतं याचा अभिमान आहे, पण त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पंपाची नळी बाटलीत सोडली, मिनिटाला लिटरभर पेट्रोल आलं. म्हणजे तिथंही खोट नव्हती. दोन दिवस गेले आणि घाटात गाडी तशीच.

तिसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. काकतीच्या पुढं चढ लागला तसा मी फक्त त्यांच्या पायाकडं बघत होतो. गचका बसत होता तो पाय हलला की. दाबला की गचका, सैल करून परत दाबला की परत. पाय एका जागी दाबून धरला की चार-दोन झटक्यांत गाडी सावरायची आणि घाट चढायची. पेट्रोल कमी पडत असतं तर उलटं व्हायला हवं होतं: आधी नीट, आणि दाबून धरल्यावर मरगळ. मी दोन दिवस चुकीच्या जागी हात घालून बसलो होतो.

परत आल्यावर डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटतो तो; आमच्यात त्याला डेल्को म्हणतात) कार्बोरेटरकडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढली, तोंड बंद केलं आणि पुन्हा घाट. गचका गायब.

झाकण काढलं. आत सीबी पॉइंट (उघडले की स्पार्क पडतो ती टोकं) ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूमनं ओढली जाते आणि स्पार्क थोडा आधी पडतो. चढावर पूर्ण पाय दिला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट मागं येते. प्लेटला अर्थिंग देणारी एक मऊ वायर असते, बोटाच्या दोन पेरांएवढी. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवा, तो तंतोतंत होता. वायरही दिसायला धडधाकट. आमचा बैलहोंगलचा पोरगा नळी तोंडात धरून ओढायला लागला. मी मल्टिमीटरची एक पिन प्लेटला लावली, एक बॉडीला. प्लेट फिरली की बीप तुटायचा, थांबली की परत यायचा. कापडी वेष्टनाच्या आत तारा तुटून नुसत्या टेकून राहिल्या होत्या. “सर, सिक्तु!” पोरगा ओरडला. सापडलं.

जाड वायर तिथं चालत नाही, प्लेट अडते. बारीक तारांची मऊ वायर शोधून आणली, डाग देताना कथील वर चढू दिलं नाही, नाहीतर ती तिथंच कडक होऊन परत तुटते.

बिल करताना पंचाईत झाली. आमचं बिल कायम सामानावर, मजुरी त्याच्या मागनं. इथं सामान म्हणजे वीतभरही नसलेली वायर. बाबा म्हणाले, शंभर रुपये लाव आणि सोड, कॅम्पातलं गिऱ्हाईक आहे. साहेबांनी ऐकलं. “तिघांनी मला सामान विकलं की ओ. खोट कुणी शोधली?” त्यांनीच पेन घेऊन बिलावर ‘दोष शोधणे’ असं लिहिलं आणि पुढं आकडा घातला. माझे दोन वाया गेलेले दिवस मी त्यात धरू दिले नाहीत.

तेव्हापासून ती ओळ आमच्या छापील बिलात आहे. काही गिऱ्हाइकं अजून तिच्यावरनं भांडतात. कोल्हापूर, गोव्याकडनं जुन्या गाड्या यायला लागल्या, त्यांचे मालक सहसा भांडत नाहीत. गेल्या महिन्यात चोर्ला घाट चढून एक स्टँडर्ड हेराल्ड आली, तक्रार तीच, चढावर दम खाते. बॉनेट न उघडता मालकाशेजारी जाऊन बसलो. दीड किलोमीटर गाडी झकास चढली, मग हळूहळू मेली. पाच मिनिटं उभी केली, परत झकास. पोराला टाकी उतरवायला सांगितलं आणि चहाला गेलो.