फौजीभाऊंचा पाय

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृत्रिम हातपाय बनवायचं वर्कशॉप आहे. आजूबाजूच्या खेड्यांत मला सगळे ‘पायवाल्या ताई’ म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेकांचा पाय शुगरने गेलेला असतो, नाहीतर मोटारसायकलच्या अपघातात. सुरुंगावर पाय पडलेले फौजीभाऊ एकटेच.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा पाकिस्तानच्या सीमेलगत मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि नंतर काढताना बरेच जवान जखमी झाले. भाऊ त्यांतलेच. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पहिला पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये बसला. सैनिकांसाठी १९४४ पासून चाललेली ती संस्था. पण दर दुरुस्तीला पुणं गाठायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, म्हणून नंतर ते माझ्याकडे यायला लागले.

२०२४ च्या लोकसभेला भाऊ अपक्ष उभे राहिले. अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात, पंचवीस हजार अनामत लागते. सूचक गावातच मिळाले, अनामत पेन्शनमधून भरली. चिन्हासाठी अर्जात तीन पसंती द्याव्या लागतात. पोरांचा आग्रह होता चालायच्या काठीचा, यादीत ते चिन्ह आहेच. भाऊंनी पहिली पसंती दिली विहिरीला. वर्दीतला फोटो बॅनरवर टाकू म्हणणाऱ्यांनाही त्यांनी गप्प केलं. सैन्यातल्या लोकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बजावलं होतं. पण आयोगाने काही म्हटलं नसतं तरी भाऊंनी तो फोटो लावू दिला नसता, इतकं मी त्यांना ओळखते.

मतदान २६ एप्रिलला होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी त्यांची जीप वर्कशॉपसमोर थांबली. ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं. दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून भाऊ आत आले आणि स्टुलावर बसताच म्हणाले, “ताई, थोडं घासून द्या आतून. टोचून राह्यलं. पाच वाजता सभा हाय.”

मी पाय काढला. आत एकावर एक पाच मोजे होते आणि सगळ्यात आतला मोजा पुढच्या बाजूला रक्ताने चिकटलेला. सलाइनने भिजवून भिजवून तो सोडवावा लागला. खाली हाडाच्या टोकावर रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या, भोवतीची कातडी घामाने फुगलेली.

कारण समोरच दिसत होतं. प्रचारात भाऊंचं वजन चांगलंच उतरलं होतं. वजन उतरलं की स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, तोही बारीक होतो आणि सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा तो ज्यात बसतो तो पोकळ भाग, ढिला पडतो. गुडघ्याखालच्या पायात शरीराचा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर आणि हाडाच्या दोन्ही बाजूंना यायला हवा, टोकावर मुळीच नाही. सॉकेट ढिला झाला की स्टंप आत आत घसरतो आणि प्रत्येक पावलाला हाडाचं टोक तळाला आपटतं. मोजे वाढवून थोडं भागतं, पण मोजे घामाने भिजले की तेच कातडी सोलतात. आणि भाऊ दिवसभर घरोघर फिरत होते. नांगरलेल्या वावरातूनसुद्धा, कारण कामाला गेलेली माणसं तिथेच भेटतात.

“जखम भरेपर्यंत पाय घालायचा नाही,” मी सांगितलं. “आज तर नाहीच.”

“मंग जाऊ कसा?”

“कुबड्या आहेत.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुबड्या घेऊन मत मागतलं तर लोक भीक टाकतीन, ताई.”

तेवढ्यात त्यांच्यासोबतच्या एका पोराने मोबाइल काढून जखमेवर धरला. “भाऊ, हे टाकतो ग्रुपवर. एका घंट्यात सगळीकडे जाते.” मी काही म्हणायच्या आत भाऊ ओरडले, “ठेव तो फोन! मास दाखवून मत मागू का बे?” पोरगं बाहेर गेलं ते जीपमध्येच बसून राहिलं. त्याचंही वाईट वाटलं मला. त्याला भाऊ निवडून यायला हवे होते, एवढंच.

ड्रेसिंग करताना मी त्यांना टॅमी डकवर्थबद्दल सांगितलं. अमेरिकन सैन्यातली हेलिकॉप्टर पायलट, २००४ मध्ये इराकमध्ये दोन्ही पाय गेले, आज तिथल्या सिनेटमध्ये आहे. आमच्या धंद्यात हे नाव बहुतेकांना माहीत असतं. भाऊंनी एकच विचारलं, “पयल्या बारीलेच आली काय निवडून?” २००६ मध्ये ती थोडक्या मतांनी हरली होती, २०१२ मध्ये खासदार झाली आणि २०१६ मध्ये सिनेटवर गेली. ऐकून भाऊंनी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या कुबड्या मागितल्या. पाय मी कपाटात ठेवला. त्यांच्या ताब्यात दिला असता तर पुढच्या वळणावर त्यांनी तो घातला असता.

ड्रेसिंग भिजलं तर बदलायला म्हणून मीही जीपमध्ये बसले.

सभा कसली, मारुतीच्या पारासमोर चाळीसेक माणसं. एकाने खाट टाकली, भाऊ तिच्यावर बसले. डावा पायजमा गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला होता. सगळ्यांचे डोळे तिथेच. भाऊ बोलायला लागणार तोच एक म्हातारी पुढे आली, कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

माझ्या पोटात गोळा आला. याचीच त्यांना धास्ती होती.

भाऊंनी नोटेची घडी केली, म्हातारीचा हात धरून तिच्या मुठीत परत दिली. “मावशी, पायाचे पैसे सरकार देते मले, पेन्शन हाय. तुमच्या सोयाबीनचे कोण देते ते सांगा.”

म्हातारी म्हणाली, “अजून घरातच हाय, बाप्पा.”

तिथून सभा फिरली. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामाला ४,६०० रुपये होता आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होते. मागून एक धोतरवाले काका उठले, “तुमी एकटे दिल्लीत जाऊन काय करसान? एवढ्या खासदारात तुमचं कोण आयकते?” दुसऱ्याने ओलावा दाखवून भावात केलेल्या कापाकापीचं काढलं, तिसऱ्याने विहिरीच्या अडकलेल्या अनुदानाचं. भाऊंची काही उत्तरं पटण्यासारखी होती, काही नव्हती, आणि लोक तसं तोंडावर सांगत होते. काकांचा तर आवाजच चढला. भाऊंनीही चढवला. मला इतकं बरं वाटत होतं! फौजीची कीव करायला जमलेली माणसं आता उमेदवाराशी भांडत होती, आणि भाऊंचा हात मघापासून दुमडलेल्या पायजम्यावर होता तो उठून हवेत हलायला लागला होता.

अंधार पडल्यावर ड्रेसिंग पाहिलं. कोरडं होतं. पुढची दोन गावंही त्यांनी खाटेवर बसूनच केली.

४ जूनला निकाल लागला. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, भाऊ त्याच्या जवळपासही नव्हते. त्या महिन्यातच ते नवीन सॉकेटच्या मापाला आले. जखम पूर्ण भरली होती. मी स्टंपवर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळत होते आणि ते मांडीवर फॉर्म वीसची प्रत घेऊन बसले होते. बूथवार मतं त्यातच असतात. भांडणाऱ्या काकांच्या गावातला आकडा त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. बाकी बऱ्याच बूथपेक्षा तो मोठा होता.

“हललात तर माप चुकेल,” मी म्हटलं.

“नाई हालत. पण पाय पेरणीच्या आंधी पाह्यजे, ताई. अन् या बारीनं असा बनवा की वावरात चालला पाह्यजे. पाच वर्सं फिराचं हाय.”