पाहुण्यांना त्या आडगावच्या चर्चला का नेतो?

वॉशिंग्टन बघायला आलेल्या नातेवाइकांना अडीच तास गाडीत बसवून तुम्ही त्या आडगावच्या चर्चला का नेता, असं बरेच जण विचारतात. आम्ही ख्रिस्तीही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

व्हर्जिनियाच्या लँकेस्टर काउंटीत, आयर्विंग्टनजवळ, १७३५ साली बांधून झालेलं क्राइस्ट चर्च आहे. खर्च रॉबर्ट कार्टरचा. लोक त्याला ‘किंग’ म्हणत. सुमारे ३ लाख एकर जमीन, तंबाखूचे मळे आणि त्यांत राबणारे शेकडो गुलाम. चर्चचा पैसा त्यांच्याच घामाचा. जुन्या चर्चच्या जागीच नवं व्हावं, आई-वडिलांच्या कबरी तिथेच राहाव्यात, अशी कार्टरची अट होती. काम पुरं होण्याआधी, १७३२ मध्ये, तो वारला.

तेव्हा व्हर्जिनिया इंग्लंडची वसाहत, आणि इंग्लंडचं चर्च, म्हणजे राजा ज्याचा प्रमुख तो ख्रिस्ती पंथ, हाच तिथला सरकारी धर्म. त्याच्यासाठी कर भरायचा आणि उपासनेला हजरही राहायचं, कायदाच होता तसा. स्वातंत्र्ययुद्धानंतर तो आधार गेला. १७८६ च्या कायद्याने धर्म सरकारपासून सुटला, १८०२ च्या कायद्याने चर्चच्या जमिनींवरही गदा आली. इंग्लंडच्या राजाशी नातं तोडून तोच पंथ एपिस्कोपल चर्च या नावाने उभा राहिला खरा, पण असल्या खेड्यांतल्या चर्चांना ना माणसं उरली, ना पैसा.

मला वाटतं, त्या गरिबीनेच हे चर्च राखलं. पैसा असता तर दर पिढीने आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे आत तोडफोड केली असती. इथे तीन मजली व्यासपीठ, दारं लावलेली उंच लाकडी बाकं, जाडजूड विटांच्या भिंती, सगळं अठराव्या शतकातलं आजही समोर आहे.

बाहेर कार्टरची कोरीव समाधी आहे. पाहुणे तिथे फोटो काढतात, आणि मी त्यांना त्याच्या नातवाबद्दल सांगतो. नाव आजोबांचंच, रॉबर्ट कार्टर. आजोबांचा पंथ सोडून तो बाप्टिस्ट झाला. १७९१ मध्ये त्याने रीतसर दस्त करून टप्प्याटप्प्याने सुमारे ५०० गुलामांना मुक्त करायला सुरुवात केली, तीही गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकन यादवी युद्धाच्या ७० वर्षं आधी. आसपासच्या मळेवाल्यांना ते अजिबात रुचलं नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या गुलामांची सुटका मृत्युपत्रात लिहून ठेवली. या माणसाने ती जिवंतपणी केली. राजधानीतल्या पुतळ्यांपाशी हे नाव पाहुण्यांच्या कानावर पडत नाही, म्हणून मी त्यांना इथवर आणतो.