गजेंद्रमोक्ष आणि विश्वामित्रीची मगर

आमच्या घरात संकट आलं की गजेंद्रमोक्ष म्हणायची रीत आहे. आधी सासूबाई म्हणायच्या, त्यांच्यानंतर मी. २०२४च्या गुढीपाडव्यानंतर माझी नात जन्मली, दिवस भरायच्या खूप आधी. वजन सव्वा किलोसुद्धा नव्हतं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आत फक्त आईबापांनाच सोडत. सुनेचा डबा खाली देऊन झाला की मला करण्यासारखं काही उरायचं नाही, आणि दांडिया बाजारातल्या रिकाम्या घरी परत जाववायचं नाही. मग मी कमाटीबागेत जाऊन बसायचे.

कागदोपत्री ती सयाजीबाग, सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेली. बागेतून विश्वामित्री वाहते. पावागडच्या डोंगरातून निघते आणि वडोदऱ्यात शिरल्यावर सगळ्या शहराचं सांडपाणी पोटात घेते. चैत्रात तिला धार अशी नसतेच. काळपट पाणी, वास, काठाला अडकलेल्या पिशव्या. आणि अशा पाण्यात मगरी राहतात, २०२५च्या मोजणीप्रमाणे ४००हून अधिक.

पुलाच्या कठड्याशी उभी राहून मी पुटपुटत होते, तेव्हा मगरी पकडून सुरक्षित जागी सोडणारा एक स्वयंसेवक मुलगा शेजारी येऊन थांबला. "मासी, ती काठावरची बघा. अंडी राखतेय."

त्याने मला सगळं समजावून सांगितलं. मादी काठाच्या मातीत खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती ओढून घेते. पुढे साधारण दोन महिने ती अंडी तिला दिसत नाहीत. आत नर वाढेल की मादी, ते मातीची ऊब ठरवते. ती फक्त जवळपास राहते. पिल्लं तयार झाली की अंड्याच्या आतूनच आवाज देतात. तो ऐकला की ती खड्डा उकरते. एखादं अंडं फुटत नसेल तर जबड्यात धरून हलकेच फोडते आणि पिल्लांना तोंडात घेऊन पाण्याशी नेते. ज्या जबड्याला सगळं शहर घाबरतं, त्याच जबड्यात.

गजेंद्रमोक्ष भागवताच्या आठव्या स्कंधात आहे. सरोवरात उतरलेल्या हत्तीचा पाय नक्र, म्हणजे मगर, धरतो, हत्ती सोंडेत कमळ धरून हाक मारतो आणि विष्णू गरुडावरून धावत येतात. आपल्या मनात राहतो तो हत्ती. पण त्या कथेत नक्रही सुटतो. तो हूहू नावाचा गंधर्व, देवल ऋषींच्या शापाने नक्र झालेला. ते श्लोक म्हणताना समोर खरीखुरी मगर होती, आणि इथे हाकेला धावून जाणार होती ती स्वतःच. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. नातीला वाचव, एवढंच मागत होते. आता तिचा आवाज कुणाच्या तरी कानावर पडू दे, असं मागू लागले.

वैशाखात तिच्या घशातली नळी काढली. मुलाने फोनवर रडणं ऐकवलं. इतकं बारीक की आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बागेतच खाली बसले.

त्याच आठवड्यात शेजारच्या पेटीतलं बाळ गेलं. त्याची आजीही रोज खाली डबा घेऊन येत असे. तिला काय बोलावं ते मला आजही सुचत नाही. मगरीच्या पिल्लांतलीही बहुतेक मोठी होत नाहीत. बगळे, घोरपडी, दुसऱ्या मगरी त्यांना खातात. देव कुठली हाक ऐकतो, कुठली नाही, हे मी सांगू शकत नाही. पण ऐकणारं कुणीतरी काठावर बसून आहे, यावर माझा विश्वास त्या उन्हाळ्यात बसला आणि तो हललेला नाही.

ज्येष्ठात एका सकाळी खड्डा उकरलेला दिसला. बाहेर टरफलं पडली होती. पाण्याच्या कडेला वीतभराहून थोडी लांब पिल्लं, अंगावर काळे पट्टे, आणि त्यांच्यापुढे तिचं डोकं. मी हात जोडले. शेजारच्या बाईंनीही जोडले. त्यांच्यासाठी मगर हे खोडियार मातेचं वाहन. त्यानंतर थोड्याच दिवसांत नात घरी आली.

ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. मुलाच्या सोसायटीत पाणी शिरलं, बाळाला वरच्या मजल्यावर नेलं. शहरात रस्त्यांवर मगरी आल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या मगरीलाही अशाच मुलांनी दोरी बांधून, डोळ्यांवर ओलं फडकं टाकून नेलं. बाळाला कडेवर घेऊन मी खिडकीतून पाहत होते.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांना एक विनंती आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत नदीकाठच्या मातीत अंडी असतात. पुलावरून निर्माल्य पिशवीसकट टाकू नका, आणि काठावर कचरा जाळू नका. निर्माल्य घरच्या कुंडीत पुरलं तरी देवाला पोचतं.